पाणी किती वाजता सुटणार?

जुलै उजाडला की महाराष्ट्रात धरणांच्या विसर्गाचे निरोप फोनवर यायला लागतात. खडकवासल्यातून मुठेत इतके क्युसेक, कोयनेचे दरवाजे इतके फूट वर, नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावं, पात्रातली जनावरं आणि गाड्या हलवाव्यात. या निरोपांमुळे क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला आहे. निरोप नीट पोचला नाही तर काय होतं, हेही पुण्याने बघितलं आहे. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पाणी किती सोडलं आणि कळवलं कधी, यावरून लोकांनी प्रशासनाला धारेवर धरलं. योग्यच केलं. विसर्ग आधी सांगायचा असतो आणि सांगितला नाही तर जाब विचारायचा असतो, एवढी समज पावसाळ्यापुरती का होईना, आपल्या अंगवळणी पडली आहे.

हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांच्या काठी ही सवय नाही, आणि आपण राफ्टिंगला जातो ते नेमके तिथेच. ऋषिकेशची गंगा, कुलूची बियास, लडाखची झंस्कार. यातली झंस्कार अजून मोकळी वाहते. गंगा आणि बियास यांच्या बाबतीत मात्र आज दुपारी नदीला किती पाणी असेल, हे बर्फ किती वितळलं यावर जेवढं ठरतं तेवढंच वरच्या वीजघरात कुणी किती मशीन चालू केली यावर ठरतं. तो निर्णय काठावरच्या माणसाला कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की धरणाखालच्या नदीला दिवसभरात किती वाजता किती पाणी येणार, हे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं कुणालाही, फुकट आणि आदल्या दिवशी बघता आलं पाहिजे. लाईफ जॅकेट, परवाने, वयाच्या अटी, गाइडची प्रमाणपत्रं हे सगळं हवंच. पण नदी किती येणार आहे हेच माहीत नसेल, तर हे बाकीचं सगळं अंदाजावर चालतं.

अशी नदी आपल्याला ठाऊक असलेल्या नद्यांपेक्षा वेगळी का, हे आधी बघू. ऋषिकेशला मराठी कुटुंबं बहुतेक करून मे महिन्याच्या सुट्टीत जातात. पारा चाळिशीकडे गेलेला असतो, काठावरची वाळू पायाला चटके देते. पाणी मात्र हिमनद्यांवरून आलेलं असतं. देवप्रयागला अलकनंदेला मिळून गंगा होणाऱ्या भागीरथीचं पाणी तर २६० मीटर उंचीच्या टिहरी धरणामागच्या जलाशयातून येतं, तेही खालच्या थरातून, जिथे ऊन पोचत नाही. तापलेलं अंग अशा पाण्यात अचानक छातीपर्यंत बुडालं की माणूस न ठरवता मोठा श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. विहिरीत सूर मारून वाढलेला पट्टीचा पोहणारा असला तरी हा झटका त्यालाही बसतो, कारण त्याचा पोहता येण्या-न येण्याशी संबंध नाही.

थंड पाण्यात शरीराचं काय होतं याचा अभ्यास करणारे कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी एक आडाखा लोकांपर्यंत नेला: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय सांगितलेलं ऐकतात. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. हा आडाखा बर्फगार पाण्याचा आहे, मे महिन्यातली गंगा तेवढी गार नसते. पण क्रम तोच राहतो. आधी श्वास जातो, मग हात जातात. हात जातात म्हणजे काय, तर काठावरून बचावाची दोरी अंगावर येऊन पडते, बोटं तिच्याभोवती मिटतात, आणि तरी दोरी हातातून सरकून जाते, कारण पकडीत ताकद उरलेली नसते. माणूस गारठून मरतो असा आपला समज आहे. प्रत्यक्षात बरेच जण गारठण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही मिनिटांत बुडतात. म्हणून घट्ट बांधलेलं लाईफ जॅकेट महत्त्वाचं. त्या पहिल्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचं काम तेवढंच करतं.

मग वेग. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. गुडघाभर पाण्यातही पाय टेकवून उभं राहायला जाऊ नका, असं गाइड घसा फोडून सांगतात, त्याचं कारण हे आहे. पाऊल दोन दगडांमध्ये अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं आणि तसंच दाबून धरतं. पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर, हे ऋषिकेशजवळच्या शिवपुरीच्या काठावर दहा मिनिटांत सांगितलं जातं. निम्म्या लोकांचं लक्ष तेव्हा हेल्मेटवर कॅमेरा बसवण्याकडे असतं, हे मी बघितलेलं आहे, आणि बघून काळजात धस्स झालेलं आहे.

आता यात पाण्याची पातळी घाला. पातळी वाढली म्हणजे नदी सरसकट जास्त धोकादायक झाली, असा सरळ हिशेब नसतो. काही रॅपिड, म्हणजे पाणी खवळून वाहतं ते उतार, जास्त पाण्यात बुडून सपाट होतात. काहींमध्ये, काल ज्या खडकाला वळसा घालून राफ्ट जात होती, त्याच खडकावरून आज पाणी कोसळतं आणि पलीकडे उलटं फिरणारं भोक तयार होतं, जे माणसाला आत धरून ठेवतं. गंगेवरचा ‘गोल्फ कोर्स’ असो की ब्यासी गावाच्या वरची ‘द वॉल’, गाइडच्या डोक्यात एकाच रॅपिडची तीन-चार रूपं असतात आणि आज त्यातलं कोणतं समोर येणार, हे पाणी ठरवतं. म्हणून चांगला गाइड राफ्टमध्ये हवा भरण्याआधी काठावरचे दगड बघतो. पाण्याच्या वर दगडावर ओला पट्टा दिसला तर पाणी उतरतंय. दगड थेट पाण्यापर्यंत कोरडा आणि काठाने काटक्या, पानं, फेस वाहत येतोय, तर पाणी चढतंय. कुणी पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवतो आणि चहा होईपर्यंत ती बुडते का बघतो. ही विद्या फार मोलाची आहे. पण ती आत्ताचं सांगते. तासाभराने, नदीच्या मधोमध, दोन्ही बाजूंना उभे कडे असताना काय येणार, हे काडी सांगू शकत नाही.

ते ज्याला माहीत असतं तो माणूस वीजघरात बसलेला असतो. आणि इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण ही माहिती कुणाकडे नाहीच, असा गैरसमज आहे.

टिहरी आणि तिच्या खालचं कोटेश्वर ही वीजघरं विजेची मागणी वाढेल तशी चालतात, म्हणजे मुख्यतः सकाळी आणि संध्याकाळी. टिहरीची मूळ क्षमता १००० मेगावॉट, कोटेश्वरची ४००. तिकडे अलकनंदेवर उत्तराखंडातल्या श्रीनगरला ३३० मेगावॉटचा प्रकल्प आहे. कोणत्या वेळी किती वीज बनवायची हे ऐनवेळी मनात येईल तसं ठरत नाही. देशातल्या मोठ्या वीजघरांचं वेळापत्रक आदल्या दिवशीच, विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या प्रादेशिक भारप्रेषण केंद्रात ठरतं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात किती मेगावॉट, ते लिहिलेलं असतं. मागणी बदलली की त्यात दिवसभर दुरुस्त्या होतात. हे तक्ते या केंद्रांच्या संकेतस्थळांवर बघायलाही मिळतात. म्हणजे उद्या दुपारी दोन ते सव्वादोन या वेळात काय होणार, याचा अंदाज आज लिहून ठेवलेला आहे. फक्त तो मेगावॉटमध्ये आहे, क्युसेकमध्ये नाही.

मेगावॉटचे क्युसेक करणं हे अकरावीच्या भौतिकशास्त्राचं गणित आहे. पाणी ७५ मीटरवरून पडत असेल, तर १०० मेगावॉट वीज काढायला सेकंदाला साधारण १५० घनमीटर पाणी लागतं. म्हणजे पाच हजार क्युसेकच्या वर. वीजघराने मशीनमागून मशीन चालू केलं, तर काही मिनिटांत नदीत किती भर पडते, ते यावरून लक्षात येईल. ते पाणी खाली कौडियाला आणि शिवपुरी या राफ्टिंगच्या ठिकाणी पोचायला काही तास लागतात. तेवढा वेळ इशाऱ्यासाठी हातात असतो आणि तो वाया जातो.

मात्र मेगावॉट वाढले की नदी वाढते, असंही सगळीकडे नसतं. काही प्रकल्पांत धरणाचं पाणी बोगद्यातून खाली कित्येक किलोमीटरवरच्या वीजघरात नेलेलं असतं. मशीन चालू असतात तोवर धरण आणि वीजघर यांच्यामधलं पात्र जवळजवळ कोरडं पडतं, दगडगोटे उघडे होतात, लोक खाली उतरतात. आणि मशीन बंद केली की बोगद्यात न मावणारं पाणी दरवाज्यांतून थेट त्या पात्रात येतं. ८ जून २०१४ ला हिमाचलात मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हेच झालं. हैदराबादच्या एका इंजिनियरिंग कॉलेजची मुलं सहलीला आली होती. संध्याकाळी बियासच्या पात्रात दगडांवर उभी राहून फोटो काढत होती. वरच्या लारजी प्रकल्पाला वीजनिर्मिती कमी करायला सांगितलं गेलं, दरवाजे उघडले गेले, आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. सोबतचा सहलीचा माणूसही गेला. त्यांच्यातल्या कुणाच्याही हातात वल्हं नव्हतं. पुढे हिमाचल उच्च न्यायालयाने वीज मंडळ, कॉलेज आणि राज्य सरकार अशा तिघांनाही भरपाईला जबाबदार धरलं. अपघातानंतर पाट्या लागल्या, भोंगे बसले. पण भोंगा वाजतो तेव्हा पाणी सुटलेलं असतं. आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या विसाव्या वर्षाच्या मुलाला भोंग्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

आपल्याकडे अशा घटनेनंतर बंदीचा विचार सर्वांत आधी येतो. जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने नियम आणि धोरण ठरेपर्यंत नदीवरचे राफ्टिंगसारखे खेळ थांबवले होते. न्यायालयाची चिंता खरी होती. काठ कुणीही वापरत होतं, आणि नियमांचा पत्ता नव्हता. पण बंदीने नदीचं पाणी एका क्युसेकनेही कमी-जास्त होत नाही. राफ्ट थांबल्या तरी घाटावर अंघोळ करणारे, धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी घेऊन उतरलेली पोरं, वाळू-गोटे काढणारे मजूर पात्रात असतातच, आणि त्यांच्या अंगावर ना जॅकेट असतं ना डोक्यावर हेल्मेट. राफ्टिंगवाले संघटित आहेत, त्यांची वकील करण्याची ऐपत आहे, त्यांच्याकडे नदी रोज बघणारी माणसं आहेत. त्यांनी पाण्याचं वेळापत्रक मागून घेतलं, तर ते या बाकीच्यांनाही मिळेल. म्हणून ‘हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, त्यांचं त्यांनी बघावं’ हा युक्तिवाद मला मुळातच पटत नाही.

वीजवाल्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे, त्याला उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, ग्रिड, म्हणजे विजेचं देशभरचं जाळं, सांभाळणं हे आमचं पहिलं काम. अचानक कुठे एखादा मोठा संच बंद पडला तर जलविद्युत हाच हाताशी असलेला उपाय, दोन-चार मिनिटांत मशीन चालू करावी लागतात. तेव्हा आधी कसं सांगणार? मान्य आहे. अशी वेळ येते. पण रोजच्या दिवसांचं काय? नेहमीचं वेळापत्रक जाहीर करा आणि सोबत लिहा, की आणीबाणीत यात बदल होऊ शकतो. बदल झाला की तोही त्याच जागी जाहीर करा. आणि आणीबाणी सोडून एरवी पाणी टप्प्याटप्प्याने वाढवण्याचं बंधन घाला, म्हणजे पात्रात असलेल्या माणसाला ते चढताना दिसेल आणि बाहेर यायला वेळ मिळेल. अमेरिकेत वीजप्रकल्पांच्या परवान्यांत पाणी किती वेगाने चढवायचं-उतरवायचं याच्या अटी असतात. त्यांचं ग्रिड त्यामुळे कोसळलेलं नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. गंगा, सिंधू आणि ब्रह्मपुत्रा ही सीमेपलीकडे जाणारी खोरी असल्याने तिथल्या प्रवाहाची आकडेवारी सरकारी धोरणानुसार गोपनीय वर्गात मोडते. शेजारी देशांशी पाणीवाटपाच्या वाटाघाटी करताना वर्षानुवर्षांची मोजमापं उघड करायची नाहीत, हे समजू शकतं. पण इथे कुणी पन्नास वर्षांचे आकडे मागत नाही. आज संध्याकाळपर्यंत शिवपुरीला पाणी किती फूट चढेल, एवढंच विचारलं जातंय. ते चढल्यावर हजारो लोक डोळ्यांनी बघणारच आहेत. जे संध्याकाळी सगळ्यांना दिसणार, ते सकाळी लपवून कोणाचं रक्षण होतं? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणमालकांना आपत्कालीन आराखडे बंधनकारक केले, ही चांगली गोष्ट झाली. पण तो कायदा मुख्यतः धरण फुटण्याच्या संकटाचा विचार करतो. माणसं मरतात ती धरण ठणठणीत असताना, रोजच्या कामकाजात सुटलेल्या पाण्यात.

हे जमतं का? जमतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात गॉली नावाची नदी आहे, तिच्यावर समर्सव्हिल धरण. पावसाळी पुराला जागा करायला दर शरद ऋतूत हा जलाशय रिकामा करावाच लागतो. १९८६ साली तिथल्या संसदेने कायदाच केला, की हे पाणी सोडताना राफ्टिंग आणि कयाकिंग हाही धरणाचा एक अधिकृत उद्देश धरला जावा. तेव्हापासून सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या पाणी सोडण्याच्या तारखा आधीच जाहीर होतात, आणि नदीवर लावलेल्या मोजपट्टीचे आकडे कुणीही घरबसल्या बघू शकतो. लोक त्या तारखा धरून रजा टाकतात, काठावरच्या गावांचा वर्षाचा धंदा त्या काही आठवड्यांत होतो.

आणि इतकं लांब जायचीही गरज नाही. कोलाडची कुंडलिका बघा. मुळशी धरणाचं पाणी, म्हणजे मुळात पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी, सह्याद्रीतून पश्चिमेला वळवून भिरा वीजघरात सोडतात आणि तिथून ते कुंडलिकेत येतं. याच धरणासाठी गेलेल्या जमिनींवरून १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास भोगला. त्या इतिहासाचं देणं अजून फिटलेलं नाही. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे सांगायचंय ते असं, की कोलाडचं राफ्टिंग उभं आहे ते वीजघरातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर. पाणी सुटलं की राफ्ट निघतात, पाण्याबरोबर खाली जातात, पाणी ओसरलं की दिवस संपला. वीज आणि वल्हं एकाच पाण्यावर सुखाने नांदतात, कारण पाणी कधी येणार हे धंदेवाल्यांना माहीत असतं. तरीही तिथे ही माहिती धंद्याच्या ओळखीपाळखीतून फिरते. पुण्याहून दुचाकीवर आलेल्या आणि पुलाखाली पोहायला उतरलेल्या चार मुलांपर्यंत ती पोचत नाही. महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात जमीन, हवा, पाणी सगळं घेतलं. संस्थांची नोंदणी, साधनं, प्रशिक्षण यांच्या अटी घातल्या. त्यात आणखी एक कलम वाढवावं: ज्या नदीवर असा खेळ चालतो, तिच्या वरच्या प्रत्येक धरणाने आणि वीजघराने दुसऱ्या दिवसाचं पाणी आदल्या संध्याकाळपर्यंत जाहीर केलं पाहिजे. कोकणातल्या एका नदीवर ते करून दाखवलं, तर उत्तराखंडाला आणि हिमाचलाला आपण काही ठामपणे सांगू शकू.

वेळापत्रक जाहीर झालं की पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि तो गाइडच्या पोटाचा आहे. पाणी जास्त आहे, आज नको, असं म्हणायचा अधिकार कागदोपत्री त्याला असतो. पण पैसे मिळतात ते फेरीमागे. हंगामातच वर्षाचं कमवायचं, खाली गाडीत वीस जण आगाऊ पैसे भरून बसलेले, मालकाचा फोन चालू, आणि समोर फुगलेलं पाणी. अशा वेळी नाही म्हणायला जी हिंमत लागते ती आपण एका चोवीस वर्षांच्या पोरावर सोडून दिली आहे. हे बदलायचं तर निर्णयच त्याच्या हातून काढून घेतला पाहिजे. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला खडकावर ठळक रंगाने मोजपट्टी हवी, आणि तिच्यावर एक लाल रेघ. पाणी रेघेच्या वर, तर त्या टप्प्यावर त्या दिवशी कुणीच उतरायचं नाही, मग तो मंत्र्यांचा पाहुणा असो. आणि वेळापत्रक सांगत असेल की दुपारी पाणी रेघ ओलांडणार, तर शेवटची राफ्ट किती वाजता सुटेल हे सकाळीच ठरवून टाकायचं. त्या दिवशीचे पर्यटकांचे पैसे परत, आणि गाइडला फेरी न होताही ठरलेली रोजी. ही रोजी वीजप्रकल्प आणि राफ्टिंग कंपन्या यांनी मिळून एका निधीतून द्यावी. दोघंही त्याच पाण्यावर कमावतात.